दूरस्थ स्वरोपचार

तुकईथडच्या एखाद्या शिक्षकाचा आवाज बसला, तर उपचारासाठी दर आठवड्यास शहर गाठणे त्याला कसे परवडावे? बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे १००, तर स्त्रीचे सुमारे २०० वेळा थरथरतात. वर्गात ओरडून ते एकमेकांवर आदळतात. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था वाणीदोषांवर इंटरनेटद्वारेही उपचार करीत आली आहे. स्वरोपचार हा मुख्यत्वे व्यायामच. पेल्यातील पाण्यात नळी बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढावयाचे, हे पडद्यावरूनही शिकविता येते. मात्र यंत्राचा कान थोडा लबाड! गोंगाट गाळणारी सोय लांबविलेला स्वरही कापून टाकते. ती बंद ठेवावी. आणि स्वरतंतू काही पडद्यावर दिसत नाहीत. ३-४ आठवड्यांत आवाज पूर्ववत न झाल्यास कान-नाक-घसातज्ज्ञाकडून प्रथम प्रत्यक्ष तपासणी करवावी. साधी गाठ की कर्करोग, हे व्यायामाने कळत नाही.