सफरचंदाला झोप हवी

परसात सफरचंद लावायचं म्हटलं की लोक आधी रंग नि चव विचारतात. त्याआधी त्या जातीला झोप किती लागते, ते विचारावं.

थंडीत सफरचंदाचे डोळे मिटलेले असतात. साधारण ७ अंश सेल्सिअसखालचे ठरावीक तास भरले की वाढ रोखून धरणारी संप्रेरकं ओसरतात आणि ऊब मिळताच फूल निघतं. काश्मीर-हिमाचलातल्या डेलिशियस जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात. निफाडचा पारा एखाद्या पहाटे ५-६ अंशांवर उतरतो खरा, पण दहा वाजता स्वेटर काढावा लागतो. तास भरणार कुठून?

म्हणून कमी थंडीवर भागवणाऱ्या तीन जाती बघाव्यात. इस्राएलची ‘ॲना’, बहामा बेटांवरची ‘डॉरसेट गोल्डन’ आणि ‘एचआरएमएन-९९’. ही तिसरी आपल्याच देशातली. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी १९९८ मध्ये खाल्लेल्या सफरचंदांच्या बिया परसात टाकल्या. त्यातल्या एका रोपानं २००१ मध्ये, अवघ्या १८०० फूट उंचीवर फळ धरलं! २०२५ मध्ये शर्मांना पद्मश्री मिळाली. तरीही आपण बी लावू नये, कलमच आणावं. बियांचं झाड आईवर जाईलच असं नाही. ॲना एकटी लावली तर फळ जेमतेम धरते. तिच्याच सुमारास फुलणारी डॉरसेट शेजारी हवी. जागा एकाच झाडापुरती असेल तर एचआरएमएन. ती स्वतःच्या परागावर भागवते. काळ्या जमिनीत कलम उंचवट्यावर लावा, मुळांशी पाणी साचलं की झाड गेलं.

डिसेंबरअखेर झाडाजवळ जाऊन पाहा. पानं जून झालेली, कडा तपकिरी, पण देठ घट्ट. झाड अजून जागंच आहे. आता पाणी तोडायचं आणि देठाच्या बेचक्यातला डोळा न दुखवता एकेक पान हातानं खुडायचं. ताण देऊन डाळिंबाचा बहार धरणाऱ्या सटाणा-मालेगावच्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावणाऱ्यालाही नाही. जावा बेटावर मलंगजवळच्या बागांत तर डोळे गाढ झोपेत जाण्याआधीच पानगळ करून वर्षात दोनदा सफरचंद घेतात.

फळ ऐन उन्हाळ्यात तयार होतं. साल लाल व्हायला गार रात्री लागतात, त्या तेव्हा नसतात. पिवळसर सालीवर उन्हाच्या बाजूला लाली दिसली, तर एक फळ कापून पाहा. बी तपकिरी झालं असेल तर तोडणी सुरू करा.