मोहाखालची आग आणि दुपारचा वारा

मोहफुलाचे दिवस आले. साकोली, लाखनी, तुमसर, पवनी, जंगलाला लागून असलेल्या आपल्या गावांतल्या बाया आता पहाटेच टोपली घेऊन निघतात. आणि याच दिवसांत रात्री अंगणात खाट टाकली की दूर टेकडीवर लाल रेघ दिसते. लहानपणी आम्हाला वाटायचं, डोंगराला कुणी दिव्यांची माळ घातली. ती वणव्याची रेघ असते.

आग कोणी लावली, यावर गावात दरवर्षी बोलणं होतं. कोणी गुराख्याचं नाव घेतं, कोणी तेंदूवाल्यांचं, कोणी बिडी ओढणाऱ्याचं, आणि मोहवाल्या बायांचं तर घेतातच. ते बोलणं चालू राहील. मला आज दुसरं सांगायचं आहे. आग लागली ती वेळ कोणती होती, हवा कशी होती, यावर ती चार पावलांत मरेल की टेकडी खाईल हे ठरतं. तीच आगपेटी, तीच पानं. पण पहाटे सहाला आणि दुपारी दोनला त्यांचं वागणं अगदी वेगळं.

हे मी पुस्तकातून शिकण्याच्या आधी बघितलेलं आहे. तेव्हा मी सातवीत होते. आमच्या धानाच्या बांधीच्या कडेला, जंगलाला लागूनच आजीचा मोह होता. फुलं वेचून झाली की आजी दुसऱ्या दिवसासाठी झाडाखालची पानं गोळा करून जाळायची, म्हणजे पडलेलं फूल साफ जमिनीवर दिसतं. त्या दिवशी आठच्या सुमारास पानं जाळली. वारा नव्हता. आग जागच्या जागी बसली. आजीनं वरून लोटाभर पाणी टाकलं, पायानं माती ओढली आणि म्हणाली, "इस्तो विझला व माय, चाल आता." आम्ही घरी आलो, जेवलो. दुपारी एकच्या पुढे बांधीकडून धूर दिसला. झाडाजवळ एक जुनं वाळकं खोड पडलं होतं, त्याच्या पोटात निखारा शिरला असणार. पहाटे तो झोपून राहिला, दुपारच्या वाऱ्यानं उठला. नाला ओलांडून आग बांबूत गेली. जाताना शेजारच्या एका विधवा काकूंच्या तणसाचा ढीग घेऊन गेली. त्यांच्या दोन बैलांचा पावसाळ्यापर्यंतचा चारा होता तो.

नाव एका गुराख्यावर आलं. तो बिडी ओढायचा, एवढं पुरलं. आजी काही बोलली नाही, मीही बोलले नाही. आजीनं आमच्या घरचं अर्धं तणस काकूंकडे नेऊन टाकलं, कारण सांगितलं नाही. गुराख्यानं त्या वर्षी गुरं सोडली आणि नागपूरला कामाला गेला. हे मी आमच्या गटाच्या बैठकीत पहिल्यांदा सांगितलं ते गेल्या वर्षी.

आता त्या निखाऱ्याला दुपारी काय मिळालं ते बघू.

तुम्ही सगळ्या उन्हाळ्यात पापड, कुरडया, शेवया करता. सकाळी आठला टाकलेला पापड तासभर तसाच मऊ असतो. अकराला कडा उचलल्या जातात. दोन वाजता हात लावला की खडखड वाजतो. तोच पापड पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर पुन्हा मऊ पडतो, म्हणजे हवेतलं पाणी पितो. सागाचं वाळलेलं पान आणि पापड यांत काही फरक नाही. पान झाडावरून गळून मेलं तरी हवेशी त्याची देवाणघेवाण चालूच असते. रात्री ते हवेतलं थोडं पाणी पितं, दुपारी परत देतं. म्हणून पहाटे जंगलात चालताना पायाखालचं पान नरम लागतं आणि दुपारी पाऊल टाकलं की चुरा होतो.

हवा तापली की तिची पाणी धरण्याची ताकद वाढते. असं समजा की तिचं भांडं मोठं होतं. भांड्यात पाणी तेवढंच, पण भांडं मोठं झालं म्हणून ते रिकामं दिसतं. हवामानवाले याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात आणि टक्क्यांत सांगतात. पहाटे २२ अंश तापमान आणि आर्द्रता ५५ टक्के असेल, आणि हवेतलं पाणी थेंबभरही कमी न होता दुपारी पारा ४० अंशांवर गेला, तर तोच आकडा २० टक्क्यांच्या आसपास येतो. एवढी रिकामी हवा मग जिथून मिळेल तिथून पाणी ओढते. आपल्या ओठांतून, पापडातून, पानातून. पान एका तासात कोरडं होतं. बोटाएवढ्या काडीला जास्त वेळ लागतो, जाड खोडाला आठवडे लागतात. पण दिवाळीनंतर आपल्याकडे पाऊस असा नसतोच, तेव्हा एप्रिलपर्यंत खोडंही वाळून बसलेली असतात. मध्येच अवकाळी आला तरी फसू नका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वरचं पान पुन्हा वाजायला लागतं.

म्हणजे ऊन हेच कारण, असं वाटेल. तसं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया म्हणून राज्य आहे, एका बाजूला समुद्र आणि मागे डोंगर. तिथं लॉस एंजेलिस शहराच्या कडेला २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे भर थंडीच्या महिन्यात वणवे लागले आणि हजारो घरं जळाली. तिथं त्या आधी कित्येक महिने पाऊस नव्हता. आणि डोंगरापलीकडच्या कोरड्या प्रदेशातून एक वारा खाली समुद्राकडे सुटतो, त्याला ते सांता आना म्हणतात. खाली उतरताना तो आणखी तापतो, आणखी कोरडा होतो. त्या दिवसांत त्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. समुद्र शेजारी असून उपयोग झाला नाही, कारण वारा समुद्राकडून येत नव्हता. सुकलेलं गवत, कोरडी हवा आणि वारा हे तीन जमले की थंडीतही आग पळते. आपल्या वनविभागानं आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरला आहे, तो यामुळेच. फेब्रुवारीत आपण सकाळी शाल घेतो, पण साग तोवर पानं टाकायला लागलेला असतो. जंगलात रस्त्याच्या कडेनं वनमजूर पट्टे जाळून ठेवतात, त्या जाळरेषा याच तारखेच्या आधी उरकायच्या असतात.

वाऱ्याचं थोडं जास्त सांगते, कारण माणसं तिथंच फसतात. सकाळी जमीन थंड असते, हवा पडून असते. दहानंतर जमीन तापते, तिला लागलेली हवा वर उठते, तिच्या जागी बाजूची हवा धावत येते. म्हणून दुपारी वारा झटक्यांनी येतो आणि दिशा बदलतो. शेतात वावटळ उठते ती याच वेळी, आणि वावटळीत जळतं पान सापडलं तर ते कुठं जाऊन पडेल हे सांगता येत नाही. चैत्र-वैशाखात संध्याकाळी ढग येऊन वादळ सुटतं, त्याचा वारा तर पावसाच्या आधी येतो. पाऊस येतो आहे, आग विझेल, म्हणून निश्चिंत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

आपल्या शेजारच्या नागझिऱ्यात ८ एप्रिल २०२१ ला काय झालं ते तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. जंगलात आग लागली, ती विझवायला वनविभागाची माणसं आणि रोजंदारीचे मजूर गेले. आग आटोक्यात आल्यासारखी होती. तेवढ्यात जोराचा वारा सुटला आणि ती पुन्हा भडकली. तीन मजूर गेले, दोघं गंभीर भाजले. ती आपल्यासारख्याच गावांतली, घरी बायको-लेकरं असलेली माणसं होती. आग कोणीतरी लावून घरी जातं, विझवायला दुसरंच कोणी जातं.

उतार हा चौथा भिडू. चुलीत लाकूड आडवं जळतं तेव्हा हळू जळतं, तेच तोंड खाली करून तिरपं धरलं की ज्योत वर चढते, कारण ज्योत वरच्या भागाला आधीच तापवून ठेवते. टेकडीवर तेच होतं. आग चढावर धावते, उतरताना रांगते. तमिळनाडूत तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ ला फिरायला गेलेली मंडळी वाळल्या गवताच्या उतारावर आगीत सापडली. वीसहून जास्त जणांचा जीव गेला, त्यांत बऱ्याच तरुण मुली होत्या. म्हणून आंबागडच्या टेकड्यांत असा की गायखुरीच्या डोंगरात, खाली धूर दिसला तर वर पळू नका. आग चुकवून बाजूला सरका, जिथं आधीच जळून काळं झालं आहे तिकडे, किंवा नाल्याच्या वाळूत, तलावाच्या पाळीकडे. तिथं आगीला खायला काही नसतं. आणि पॉलिस्टरची साडी नेसून आग झोडपायला कोणी जाऊ नये. ते कापड वितळून अंगाला चिकटतं. विझवण्याचं काम ज्यांचं आहे त्यांना कळवणं हे आपलं काम.

आता मोहाकडे येते, कारण बोट आपल्याकडेच आहे. बाया पानं का जाळतात हे मला माहीत आहे, मी आजीबरोबर जाळलेली आहेत. फूल दिसतं हे एक. दुसरं कारण बाहेरच्या लोकांना कळत नाही. मोहाखाली अस्वल येतं, पानांत साप असतो, पहाटेच्या अंधारात मोकळी जमीन बरी वाटते. हे भय खरं आहे, त्याला आळस म्हणू नये. पण जाळल्यानं मोहाची नवी रोपटी दरवर्षी मरतात, आजीच्या मोहाखाली मी एकही लहान मोह पाहिला नाही. जुनं झाड बुंध्याशी पोखरतं. आणि कायद्याचं म्हणाल तर राखीव जंगलात आग लावणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानं गुन्हा आहे. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या अभयारण्यांत तर वन्यजीव कायदाही लागतो.

गेल्या वर्षी बैठकीत मी आजीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या काकूंची सून समोरच बसली होती. ती आमच्याच गटात आहे. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ती म्हणाली, "सासूबाईंना माहीत होतं. तुमच्या आजीनं फुकट तणस आणून टाकलं तेव्हाच त्या समजल्या." आणि मग, "पण त्या गुराख्याला कोणी सांगितलं का?" मला उत्तर देता आलं नाही.

त्याच बैठकीत आम्ही ठरवलं ते साधं आहे. खराट्यानं झाडाखालची पानं लोटायची, आदल्या दिवशी दुपारनंतर दोघी-तिघींनी मिळून, म्हणजे अस्वलाचं भय कमी. पानं घरी आणून नाडेपच्या टाक्यात टाकायची, शेण-मातीबरोबर त्यांचं चांगलं खत होतं. आणि झाडाखाली जुन्या साड्या जोडून शिवलेलं कापड अंथरायचं. फूल मातीत पडत नाही, त्यामुळे धुवायला लागत नाही, वाळल्यावर रंग चांगला राहतो. काही जणींनी गटाच्या कर्जातून हिरवी जाळी घेतली. अडचणीही आल्या. एकीचं कापड चोरीला गेलं. जंगलातल्या झाडाखाली अंथरलं तर झाड कोणाचं यावर भांडण झालं, ते पंचायतीपर्यंत गेलं. माकडांनी एक जाळी फाडली. तरी पहिल्या वर्षी आमच्या गटातल्या कोणीही पान जाळलं नाही. तेंदूच्या बाबतीतही हेच सांगते. जाळलं की कोवळं पान येतं हे खरं, पण झुडूप कोयत्यानं छाटलं तरी मुळातून तसंच फुटतं.

स्वतःच्या वाडीत, शेतात काडीकचरा जाळायचाच असेल तर आधी हात लावून बघा. वाळलं पान मुठीत दाबा. वाकलं तर हवेत ओल आहे. चुरा झाला तर त्या दिवशी काडी ओढू नका. वारा असेल तर नाहीच. भोवती तीन-चार हात जमीन खरवडून घ्या, पाण्याची घागर जवळ ठेवा, आणि पहाटेच उरका. विझलं असं वाटल्यावर राखेत हात घालून बघा. खोड, शेणी, बांबूचा बुंधा यांत निखारा दिवसभर राहतो. दुपारी बारानंतर एकदा परत जाऊन बघणं हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. आजीनं आणि मी तेवढंच केलं नव्हतं.

आग दिसली तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे, त्यावर फोन करता येतो. बीटच्या वनरक्षकाचा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. काही बाया म्हणतात, आता उपग्रहावरून कळतं, आपण कशाला सांगायचं? कळतं हे खरं. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहानं दिसलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर पाठवते, आपल्यालाही त्यासाठी नाव नोंदवता येतं. पण त्यातले काही महत्त्वाचे उपग्रह आपल्यावरून दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. दुपारी तीनला लागलेली आग त्यांना रात्री दिसणार. मोहाखाली, नाल्याकाठी, सरपणाच्या वाटेवर त्या वेळी आपणच असतो.

उद्या पहाटे निघाल तेव्हा पायाखालचं पान ऐका. आणि दुपारी पापड उलटायला अंगणात गेलात की एकदा टेकडीकडेही बघा.