टाको पिझ्झा: भट्टीतले थर आणि भट्टीबाहेरचे थर

अमेरिकेतील आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठावरील डेव्हनपोर्ट या शहरात, जो व्हिटी यांनी १९७२ मध्ये ‘हॅपी जोज’ हे पिझ्झा आणि आइस्क्रीमचे दुकान सुरू केले आणि त्याच दुकानाला १९७४ च्या सुमारास टाको पिझ्झा पहिल्यांदा विकण्याचे श्रेय सामान्यतः दिले जाते. आज आयोवातील पेट्रोलपंपाला जोडून असलेल्या दुकानांतही हा पिझ्झा मिळतो आणि तेथील लोक त्याला आपल्या घरचा पदार्थ मानतात. इटलीतील किंवा मेक्सिकोतील खवय्याला मात्र त्यात ओळखीचे फारसे काही सापडणार नाही.

याचे कारण असे, की या पिझ्झ्याने ज्या टाकोची नक्कल केली तो मेक्सिकोतला टाको नव्हे. चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याची मऊ भाकरी, म्हणजे तोर्तिया, तिच्यात भाजलेले मांस, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि तिखट साल्सा ही चटणी, असे मेक्सिकन टाकोचे साधे रूप असते. अमेरिकेत रूढ झालेल्या टाकोत मात्र तळून कडक केलेली घडी, मसालेदार गोमांसाचा खिमा, किसलेले चेडर चीज, टोमॅटो आणि कुरकुरीत लेट्यूस असते. मेक्सिकन आणि टेक्सासमधील पाकपरंपरांच्या मिश्रणातून आलेल्या या शैलीला टेक्स-मेक्स म्हणतात. तिची चव मुख्यतः जिऱ्यावर उभी आहे, आणि हे जिरे स्पॅनिश लोकांबरोबर त्या खंडात गेले असल्याने मराठी स्वयंपाकघराला हा मसाला परका वाटत नाही.

घरी करताना सुरुवात पिठापासून करावी. मध्यम आकाराच्या दोन पिझ्झ्यांसाठी ३०० ग्रॅम मैदा, साधारण १९० मिलिलिटर कोमट पाणी, एक लहान चमचा मीठ, एक लहान चमचा कोरडे यीस्ट आणि एक मोठा चमचा तेल पुरते. पाणी मिळताच मैद्यातील प्रथिनांपासून ग्लुटेन नावाची ताणली जाणारी जाळी तयार होऊ लागते, तिंबल्याने ती बळकट होते आणि यीस्टने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वायू तिच्यात अडकून पीठ फुगते. म्हणून आठ-दहा मिनिटे नेटाने तिंबून, झाकून, आकाराने दुप्पट होईपर्यंत ते ठेवावे, ज्याला उन्हाळ्यात तासभर पुरतो आणि थंडीत दोन तासही लागू शकतात. लाटण्याऐवजी हाताने दाबत पसरल्यास कडेचा वायू टिकतो.

नेहमीच्या पिझ्झ्यात टोमॅटोचा सॉस जेथे असतो तेथे या पिझ्झ्यात घोटलेल्या घेवडावर्गीय बियांचा थर येतो, आणि या पदार्थाचे खरे मर्म येथेच आहे. त्यासाठी आपल्याकडील राजमा उत्तम चालतो. सुमारे १५० ग्रॅम राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवावा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारे लेक्टिन हे प्रथिन असते, ते खळखळून उकळल्यानेच निकामी होते, मंद आचेवर कोमटसर शिजवल्याने नव्हे. मग तेलात कांदा-लसूण परतून त्यात प्रत्येकी दोन लहान चमचे जिरेपूड आणि सौम्य लाल तिखट, चिमूटभर ओरेगॅनो व मीठ घालावे आणि शिजलेला राजमा त्यातच पावभाजीसारखा रगडून घ्यावा. पळी फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर उघडा दिसेल इतपत तो आटवावा, कारण पातळ राहिल्यास खालचा पाव ओला होतो. जिरे, लाल तिखट आणि ओरेगॅनो यांच्या अशा मिश्र मसाल्याची तयार पूड टेक्सासमधील न्यू ब्राउनफेल्स या गावी विल्यम गेबहार्ट या जर्मन स्थलांतरिताने १८९० च्या दशकात विकायला काढली. घरी जिरे ताजे भाजून कुटण्याची सवय असलेल्यांना पाकिटाची गरज नाही.

मांसाहारी घरांत राजम्यावर कोरडा परतलेला खिमा पसरतात. शाकाहाऱ्यांना त्यावाचूनही काही कमी पडत नाही, आणि याचा एक दाखला अमेरिकेतील भारतीयांनीच दिला आहे. टाको बेल या साखळीचा ‘मेक्सिकन पिझ्झा’ हा तळलेल्या दोन तोर्तियांचा वेगळाच पदार्थ, पण त्यात मांसाऐवजी बीन्स घालून मिळत असल्याने तो शाकाहारी भारतीय कुटुंबांचा आवडता होता. २०२० मध्ये तो बंद झाला तेव्हा तो परत आणण्याच्या मागणीत ही मंडळी पुढे होती आणि २०२२ मध्ये तो परतला.

ओव्हन २५० अंशांवर चांगला तापल्यावर नुसता पाव चार-पाच मिनिटे भाजून घ्यावा, मग राजमा आणि चीज घालून कडा तांबूस होईपर्यंत पुन्हा भाजावा. नुसते चेडर फार तापल्यास त्याचे तेल सुटते, म्हणून त्यात निम्मे मोझरेला मिसळणे शहाणपणाचे.

राहिलेले सारे भट्टीबाहेर घालायचे असते. लेट्यूस आणि टोमॅटो यांत सुमारे ९५ टक्के पाणीच असते, त्यामुळे ते ओव्हनमध्ये गेले की पिझ्झ्यावर तळे साचते आणि पानांचा करकरीतपणा जातो. लेट्यूस धुऊन कापडावर पूर्ण कोरडा करून बारीक चिरावा, टोमॅटोच्या बिया काढाव्यात आणि पिझ्झा बाहेर काढून दोन मिनिटे निवल्यावर दोन्ही वर पसरावे. मक्याचे चिप्स हाताने चुरून अगदी शेवटी, म्हणजे ताट पुढे करतानाच घालावेत. लेट्यूस मिळाला नाही तर कोवळ्या पानकोबीचा बारीक कीस चालतो, फक्त त्याला आधी मीठ लावू नये. उरलेला पिझ्झा दुसऱ्या दिवशी गरम करायचा असल्यास वरची पाने काढून टाकावीत, तो झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर शेकावा आणि मग नवी पाने घालावीत.