तिबिलिसीची तिजोरी

२००३ साली जॉर्जियात म्हाताऱ्या माणसांना निवृत्तिवेतन मिळे महिना १४ लारी, म्हणजे जेमतेम सात डॉलर. तेही महिनोन्‌महिने थकलेलं असे. शिक्षकांच्या आणि पोलिसांच्या पगाराची तीच रड. गंमत अशी, की अर्थसंकल्पातली तूट मात्र या दैन्याच्या मानाने माफकच दिसायची. पैसा आला नाही की राजधानी तिबिलिसीतलं सरकार देणी तुंबवून ठेवायचं. खर्चच पडला नाही, तर तूट येणार कुठून?

करवसुली राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघी १२ टक्के होती. करांचे प्रकार वीसच्या वर, नियम गुंतागुंतीचे, त्यामुळे दर वळणावर कुणीतरी हात पुढे करून उभा. व्यापाऱ्याचं गणित सरळ होतं: कर भरण्यापेक्षा निरीक्षकाला खूश करणं स्वस्त. जॉर्जियातून फुटून निघालेल्या दक्षिण ओसेतियाच्या वेशीवर एर्गनेतीचा बाजार भरे आणि तिथून सिगारेटी, पेट्रोल, धान्य असा माल जकात चुकवून देशभर जाई. वाहतूक पोलिसाची नोकरी तर रोकड मोजूनच मिळे. जागतिक बँकेच्या अभ्यासात हा दर २ हजार ते २० हजार डॉलर दिला आहे. ही रक्कम वाहनचालकांकडूनच वसूल व्हायची आणि तिचा वाटा वरपर्यंत पोचायचा. सरकारी तिजोरीला समांतर अशी ही दुसरी तिजोरी होती, आणि तिच्यात खडखडाट कधीच नसे.

नोव्हेंबर २००३ मध्ये जनआंदोलनाने राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे यांची सत्ता गेली आणि जानेवारीत त्यांच्या जागी मिखाईल साकाश्विली निवडून आले. २००४ मध्ये त्यांनी वाहतूक पोलिस दलच बरखास्त केलं. सुमारे १६ हजार माणसं घरी गेली. नव्या दलात माणसं थोडी आणि पगार दहापट. रिकाम्या तिजोरीतून हे पगार निघाले कसे? वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पगाराला सुरुवातीला परदेशी देणगीदारांनी हातभार लावला. जुन्या मंत्र्यांना आणि धनदांडग्यांना अटक करून, रक्कम भरून घेऊन सोडण्याचाही सपाटा लागला. तिजोरीत पैसा आला खरा, पण न्यायालयाच्या दारात असा सौदा होणं मला तरी निर्मळ वाटत नाही. एर्गनेतीचा बाजार बंद झाला, तेव्हा त्यावर पोट असलेल्या दोन्ही बाजूंच्या लोकांचा रोजगार बुडाला आणि त्या भागातला तणाव चिघळला.

२००५ च्या करसंहितेने करांची संख्या सातवर आणली, आयकर सरसकट १२ टक्के केला. दर उतरले तरी वसुली चढत गेली आणि २००८ पर्यंत उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर पोचली. याचं श्रेय कमी दरांना देणारे बरेच भेटतात. मला ते अपुरं वाटतं. दर उतरवूनही निरीक्षक जुनेच राहिले असते, तर फार तर चिरीमिरीचा आकडा बदलला असता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २०१९ च्या पाहणीतही कल हाच दिसतो: विकासाची पातळी सारखीच असलेल्या देशांत सर्वांत स्वच्छ सरकारं सर्वांत भ्रष्ट सरकारांपेक्षा राष्ट्रीय उत्पन्नाच्या चार टक्के अधिक कर गोळा करतात.

थकलेली निवृत्तिवेतनं चुकती झाली, रस्ते झाले, वीज आली. मग तूट मिटली का? इथे गोष्ट वाकडी वळते. तिजोरी भरते आहे म्हटल्यावर सरकारचा हातही सैल सुटला. संरक्षणावरचा खर्च अनेक पटींनी वाढला. ऑगस्ट २००८ मध्ये रशियाशी युद्ध झालं, पाठोपाठ जगभरची मंदी आली आणि २००९ साली तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या नऊ टक्क्यांच्या घरात गेली. नाक्यावरचा पोलिस तेव्हाही लाच मागत नव्हता. गळती थांबली की पैसा हाती राहतो, पण तो कशावर उधळायचा हे वरचेच ठरवतात. २०११ मध्ये संसदेने या वरच्यांसाठी कायदा केला: सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपुढे, तूट तीन टक्क्यांपुढे आणि कर्ज ६० टक्क्यांपुढे न्यायचं नाही. अंमल मात्र २०१३ संपेपर्यंत पुढे ढकलला. तोवर २०१२ च्या निवडणुकीत साकाश्विलींच्या पक्षाची सत्ता गेली होती.