प्लेगचे क्रूस आणि पिसवांचे रहस्य

वांद्र्याच्या जुन्या गावठाणांतून पायी फिरताना थोड्या थोड्या अंतरावर एखादा दगडी क्रूस दृष्टीस पडतो. कोणता एखाद्या घराच्या भिंतीला टेकून उभा असतो, कोणता वळणावरील छोट्या चौथऱ्यावर, तर कोणता रस्ता रुंद होत गेल्यामुळे वाहनांच्या गर्दीत अडकून पडलेला. त्यांच्या पायथ्याशी कोरलेली वर्षे वाचली तर १८९६ नंतरच्या दहा वर्षांतील आकडे वारंवार आढळतात. हेच ते ‘प्लेगचे क्रूस’. मे महिन्यात शेजारपाजारची कुटुंबे त्यांच्यापुढे जमून जपमाळेची प्रार्थना करतात, मेणबत्त्या लावतात, हार घालतात. परंतु हे क्रूस ज्या संकटात उभे राहिले ते संकट नेमके काय होते, ते पसरले कसे आणि आवरले कसे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तीच हकिगत आज आम्ही वाचकांपुढे मांडत आहोत.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबई महापालिकेच्या स्थायी समितीसमोर डॉ. आकासियो गाब्रियेल व्हिएगस यांनी मांडवी भागात गाठीचा प्लेग आल्याचे सांगितले. डॉ. व्हिएगस हे मूळचे गोव्यातील हडफडे गावचे कॅथलिक गृहस्थ. त्यांच्या दवाखान्यात तीव्र ताप आणि जांघेत गाठ असलेले रुग्ण येत होते आणि दोन-चार दिवसांत दगावत होते. बंदराला लागून असलेल्या मांडवीत धान्याची मोठमोठी गोदामे होती व तेथे उंदीर मरून पडत असल्याची कुजबुज आधीपासूनच चालू होती. डॉ. व्हिएगस यांच्या निदानावर प्रारंभी पुष्कळांनी अविश्वास दाखवला. व्यापाराचे बंदर, त्यात ‘प्लेग’ हा शब्द, म्हणजे युरोपातील बंदरांची दारे मुंबईच्या मालाला बंद होण्याची भीती! तथापि निदान खरे ठरले. १८९७ च्या आरंभापर्यंत शहरातील लाखो लोक मुंबई सोडून निघून गेले. १८९१ च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये पावणेआठ लाखांवर आली होती. वांद्रे त्या काळी मुंबईच्या हद्दीत नव्हते, ते ठाणे जिल्ह्यात मोडत असे. माहीमची खाडी ओलांडली की सुटलो, असे मानून अनेकांनी तिकडे धाव घेतली. प्लेगही त्यांच्या मागोमाग खाडी ओलांडून गेला.

रोगाचा जंतू तेव्हा अज्ञात नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधून काढला होता. शत्रूचे नाव कळले होते. तो घरात कोणत्या वाटेने शिरतो हे मात्र कळलेले नव्हते. आमच्या मते पुढच्या सगळ्या अनर्थाचे मूळ येथेच आहे.

रोग माणसाकडून माणसाला लागतो, तसेच तो घाणीत, ओल्या जमिनीत आणि कोंदट हवेत दबा धरून बसतो, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती. त्या समजुतीनुसार उपाय योजले गेले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला आणि सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. घरोघर झडत्या, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात व त्यांच्या आप्तांना विलगीकरण छावण्यांत नेणे, जमिनींवर कार्बोलिकचा सडा, कपडे व सामानाची होळी, छपरांची कौले उतरवून घरात ऊन आणणे, रेल्वेच्या फलाटावर स्त्री-पुरुषांच्या काखा-जांघा तपासणे, असे सर्व काही झाले. पुण्यात तर झडत्यांचे हे काम लष्करी शिपायांकडे सोपवले गेले. त्यातून जो संताप पेटला त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात झाला. त्याच पुणे परिसरात, तीन महिने आधी, १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने निवर्तल्या होत्या. एकाच शहरात, एकाच साथीत, रुग्णाला हात लावण्याचे हे दोन प्रकार!

मुंबईतही २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, एवढेच त्यांना दिसत होते. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले. लपवलेला रुग्ण म्हणजे न कळलेला रुग्ण, आणि न कळलेल्या रुग्णामागे साथ कोठवर पोहोचली याचा हिशेबच लागत नाही. पुढे निरनिराळ्या समाजांना आपापली प्लेग रुग्णालये चालवण्याची मुभा मिळाली, धर्मभगिनींसारख्या परिचारिकांनी शुश्रूषेचे काम हाती घेतले, तेव्हा हे वैर थोडे निवळले. औषध तेच, किंबहुना औषध असे नव्हतेच. बदलली होती ती फक्त खाटेजवळ उभी असलेली व्यक्ती.

आता त्या न सापडलेल्या वाटेकडे वळू. पॉल-लुई सिमाँ नावाचे फ्रेंच लष्करी डॉक्टर १८९७ मध्ये पाश्चर संस्थेतर्फे भारतात आले. काही रुग्णांच्या पायावर त्यांना बारीकसा फोड आढळे आणि त्या फोडातील पाण्यात प्लेगचे जंतू असत. हा फोड कीटकाच्या दंशाचा असावा, असा तर्क त्यांनी केला. नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणारे आजारी पडत. मरून थंडगार झालेल्या उंदराला उचलणाऱ्यांना मात्र काही होत नसे, हेही त्यांच्या ध्यानात आले. उंदराचे शरीर थंड पडले की पिसवा त्याला सोडून जातात, हा त्यातला दुवा. २ जून १८९८ रोजी कराची येथे त्यांनी एक साधा प्रयोग केला. काचेच्या मोठ्या बरणीत प्लेग झालेला, पिसवांनी भरलेला उंदीर ठेवला आणि त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसू मात्र जाळीतून सहज ये-जा करू शकत होती. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी निरोगी उंदरालाही प्लेग झाला. शोध लागला, पण तो मानायला जग तयार नव्हते. कित्येक वर्षे विद्वानांनी सिमाँ यांची उपेक्षाच केली.

त्यावर शिक्कामोर्तब झाले ते परळला. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने तेथे मुद्दाम लहान लहान घरे बांधून प्रयोग केले. रोगट पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिग या प्राण्यांचे पिंजरे निरनिराळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरचे प्राणी आजारी पडले, दोन फुटांवरचे वाचले. कारण उंदराची पिसू साधारण चार इंचांपेक्षा उंच उडी मारू शकत नाही. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागदाचा पट्टा अंथरला, तर पिसवा त्यावर अडकल्या आणि आतील प्राणी सुखरूप राहिले. हवा तीच, जमीन तीच, शेजार तोच. इतके निःसंदिग्ध उत्तर वैद्यकशास्त्राला क्वचितच मिळते.

पिसूच्या पोटात काय घडते याचा उलगडा १९१४ मध्ये झाला. प्लेगचे जंतू तिच्या अन्नमार्गात वाढून त्यांची गुठळी बनते आणि वाट बंद होते. मग ती पिसू रक्त शोषते, पण रक्त पोटात उतरत नाही. उपाशी राहिल्याने ती पुन्हा पुन्हा चावते आणि अडलेले रक्त जंतूंसह दंशाच्या जागी परत ओकते. तिचा आवडता यजमान उंदीरच. उंदीर मरू लागले की भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. म्हणूनच प्रथम उंदीर पडतात आणि माणसांची पाळी काही दिवसांनी येते. हवा कोरडी व कडक तापली की पिसवा तग धरत नाहीत. त्यामुळे मुंबईचा प्लेग हिवाळ्याच्या अखेरीस भरात येई आणि उन्हाळा चढला की ओसरे.

हे कळल्यावर १८९७ च्या उपायांकडे पाहिले की मन विषण्ण होते. गाठीचा प्लेग झालेला रुग्ण सहसा दुसऱ्याला रोग देत नाही. धोका घरातील उंदीर-पिसवांपासून होता. ज्याला फरफटत नेले तो बहुधा निरुपद्रवी होता! याउलट, आपल्याकडील खेड्यापाड्यांतील लोक घरे सोडून रानामाळावर झोपड्या बांधून राहत, तो उपाय अगदी शास्त्रशुद्ध ठरला. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरी गावांत तर उंदीर मरू लागताच गाव रिकामे करण्याची रीत एकोणिसाव्या शतकातही होती. त्यांना जंतू ठाऊक नव्हता, पिसू ठाऊक नव्हती. उंदीर पाहून ते उठत. मात्र एक अपवाद ध्यानात ठेवला पाहिजे. जंतू फुप्फुसांत पोहोचले की रुग्णाच्या खोकल्यातील तुषारांतून रोग थेट दुसऱ्या माणसाला लागतो. त्या फुप्फुसाच्या प्लेगमध्ये विलगीकरण अत्यावश्यक असते. एकाच रोगाच्या दोन वाटा, आणि दोहोंना दोन वेगळी कुलुपे.

याच काळात लसही तयार झाली. डॉ. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी काम मांडले. प्लेगचे जंतू ते मांसरसात वाढवत. वर तुपाचे थेंब सोडत, म्हणजे त्या थेंबांना धरून जंतू लोंबत्या धाग्यांसारखे वाढत. मग उष्णता देऊन ते मारले जात. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. लस घेतलेल्यांत रोग व मृत्यू दोन्ही कमी आढळले. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी एका बाटलीतील लस दूषित झाल्याने १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांना पद सोडावे लागले आणि ते निर्दोष असल्याचे मान्य व्हायला १९०७ साल उजाडले. एका बाटलीने हजारो लोकांचा लसीवरील विश्वास डळमळीत केला. तो परत मिळवण्यास किती वर्षे लागली असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मग वांद्र्याच्या त्या क्रुसांचे काय? त्यांनी पिसवा मेल्या नाहीत, हे उघड आहे, आणि असा दावा करण्याची आम्हाला गरजही वाटत नाही. परंतु चर्चचा इतिहास पाहिला तर साथीच्या काळात चौकात क्रूस उभारण्यामागे एक व्यवहारी विचारही सापडतो. १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग आला आणि लोकांना घराबाहेर पडण्यास बंदी झाली, तेव्हा तेथील आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमियो यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या. लोकांनी आपापल्या खिडकीतूनच मिस्सात सहभागी व्हावे, अशी ती योजना होती. गर्दी टळली, प्रार्थना थांबली नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत आपली चर्चेस बंद झाली, ऑनलाइन मिस्सा सुरू झाली, पुनरुत्थानाचा सण आपण घरीच साजरा केला आणि त्या सप्टेंबरात वांद्र्याची जत्राही भरली नाही. तेव्हा अनेक भाविकांना हे अभूतपूर्व वाटले होते. ते अभूतपूर्व नव्हते. खिडकीच्या जागी मोबाइलचा पडदा आला होता इतकेच. त्या वर्षी महाराष्ट्रात लागू करण्यात आलेला साथरोग कायदाही १८९७ चाच होता. रँड यांच्या काळातला. त्यात डॉक्टर व परिचारिकांना हल्ल्यांपासून संरक्षण देणारी दुरुस्ती मात्र २०२० मध्येच झाली. आर्थर रोडवरील त्या दुपारनंतर सव्वाशे वर्षांनी!

प्लेग आता इतिहासजमा झाला, असे समजण्याचे कारण नाही. १९९४ मध्ये तो बीड जिल्ह्यातील मामला गावी आणि पाठोपाठ सुरतेस प्रकटला. सुरतेतून लाखो लोक पळाले, १८९७ च्या मुंबईसारखेच. फरक हा की या वेळी प्रतिजैविके हाती होती आणि साथ थोड्याच आठवड्यांत आटोक्यात आली. २०१७ मध्ये मादागास्करला दोन हजारांहून अधिक रुग्ण आढळले, त्यांतील बहुतेक फुप्फुसाच्या प्लेगचे. गाठीच्या प्लेगवर उपचार न झाल्यास शंभरातील तीस ते साठ रुग्ण दगावतात. फुप्फुसाचा प्लेग उपचारांवाचून जवळजवळ प्राणघातकच असतो. वेळेवर औषध मिळाल्यास बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

म्हणून जुन्या वस्त्यांत किंवा गोदामांच्या शेजारी राहणाऱ्या वाचकांसाठी एक माहिती देऊन थांबतो. एकाच ठिकाणी बरेच उंदीर अचानक मेलेले आढळल्यास त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये, झाडूने ओढून कचऱ्यातही टाकू नयेत. महापालिकेच्या अथवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य विभागास कळवावे. अशा जागी आधी बिळांवर कीटकनाशक टाकून पिसवा मारतात आणि उंदरांचा बंदोबस्त त्यानंतर करतात. हा क्रम उलटा केला तर मेलेल्या उंदरांवरील पिसवा बाहेर पडून सर्वांत जवळच्या उबदार देहाकडे जातात, आणि तो बहुधा त्याच घरात राहणाऱ्या माणसाचा असतो.