परसदाराची किल्ली

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासे तालुक्यात, घोडेगाव लागते. (पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातही एक घोडेगाव आहे, हे ते नव्हे.) कांद्याच्या आणि जनावरांच्या बाजारासाठी गाव प्रसिद्ध आहे. शनिशिंगणापूरला जाणारे भाविक येथूनच वळतात. आज अशा कोणत्याही बाजाराच्या गावी पैसे फोनवरून या खात्यातून त्या खात्यात जातात, बँकेचा व्यवहार दूरच्या संगणकाशी बोलून होतो, शाळेची माहितीही त्याच मार्गाने भरली जाते. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. २०१५ पासून तिला 'भारतनेट' म्हणतात.

या तारांच्या सांध्यावर, कुठल्यातरी बंद खोलीतल्या लोखंडी कपाटात, राउटर नावाचे उपकरण बसलेले असते. त्याचे काम टपाल कचेरीत पत्रे वेगळी करणाऱ्या माणसासारखे. माहितीच्या प्रत्येक पुडक्यावरचा पत्ता वाचायचा आणि ते योग्य तारेवर पुढे धाडायचे. त्या खोलीत सहसा कोणी नसते. मग उपकरणाची देखभाल कोण करतो? शहरात बसलेला अभियंता. तो आपल्या संगणकावरून राउटरला आज्ञा पाठवतो आणि राउटर त्या पाळतो.

येथेच मेख आहे. या आज्ञा ज्या वाटेने जातात ती वाट तो राउटरच उघडी ठेवत असतो. समजा, रात्री पुण्याहून कोणी एक आज्ञा दिली आणि तिच्यात एक आकडा चुकला. राउटरने इमानेइतबारे ती पाळली आणि बाहेरची वाट बंद केली. आता 'चुकले, पूर्ववत कर' हे सांगायचे तरी कोणत्या वाटेने? दार ओढून घेतले आणि किल्ली आत राहिली, अशी ही गत. उपाय एकच: गाडी काढायची, दीडशे किलोमीटर जायचे, वॉचमनला उठवायचे, कपाट उघडायचे. काम दहा मिनिटांचे, जाण्यायेण्यात रात्र संपलेली.

कपाट उघडल्यावर माणूस काय करतो ते पाहू. राउटरवर नेहमीच्या खाचांखेरीज एक वेगळी खाच असते, तिला कन्सोल म्हणतात. आपला संगणक तिला तारेने जोडला की यंत्राशी थेट बोलता येते. ही बोलण्याची रीत जुनी आहे. आरएस-२३२ या नावाचे तिचे मानक १९६० मध्ये अमेरिकेत ठरले आणि १९६९ ची त्याची सुधारित आवृत्ती जगभर रुळली. वर्गात फळ्यावर सहज मांडता येईल इतके ते सोपे आहे. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट असले तर तो १, अधिक ३ ते अधिक १५ असले तर तो ०. कोणी बोलत नसेल तेव्हा तार उणे असते, म्हणजे १ वर. अक्षर येत आहे हे कळवायला आधी एक ० पाठवायचा, मग अक्षराचे आठ अंक, शेवटी एक १. इंग्रजीतील 'ए' या मोठ्या अक्षराचा संकेतांक ६५, म्हणजे द्विमान पद्धतीत ०१०००००१. तो एककाच्या बाजूने, म्हणजे उजवीकडून, पाठवतात. त्यामुळे तारेवर क्रम दिसतो तो असा: ०, १, ०, ०, ०, ०, ०, १, ०, १. विद्यार्थ्यांना आलेखाच्या कागदावर आपल्या नावातील अक्षरे अशी काढायला द्यावीत; द्विमान पद्धत एका तासात डोक्यात बसते.

नेहमीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. ८० अक्षरांच्या २५ ओळींचा पडदा भरायला दोन सेकंद. घरच्या इंटरनेटपुढे ही बैलगाडीच. पण बैलगाडीला डांबरी सडक लागत नाही. कन्सोलला पत्ता लागत नाही, दुसरे जाळे लागत नाही, राउटरचे मुख्य काम चालू असण्याचीही गरज नाही. वीज आल्यावर यंत्र पुरते शुद्धीवर येण्याआधीच ते या तारेवर बोलू लागते: स्मरणशक्ती तपासली, अमुक भाग सापडला नाही, इत्यादी. आजारी यंत्राची तक्रार ऐकण्याची ही जागा.

अडचण एवढीच की मूळ मानकाप्रमाणे ही तार सुमारे १५ मीटरपर्यंतच भरवशाची. ती पुण्यापर्यंत ओढता येत नाही. म्हणून कपाटातच एक मध्यस्थ बसवतात, त्याचे नाव कन्सोल सर्व्हर. त्याला ८, १६, ३२ किंवा ४८ खाचा असतात आणि प्रत्येकीतून एकेका उपकरणाच्या कन्सोलला तार जाते. दुसऱ्या अंगाने तो स्वतःच्या स्वतंत्र वाटेने शहराशी जोडलेला असतो. पूर्वी ही वाट म्हणजे दूरध्वनीची तार आणि मोडेम. आज बहुधा मोबाइलचे सिमकार्ड. अभियंता या वाटेने मध्यस्थाकडे येतो आणि जणू कपाटासमोरच बसून काम करतो. चांगल्या मध्यस्थाची आणखी एक सवय मला फार मोलाची वाटते. कोणी ऐकत असो वा नसो, प्रत्येक यंत्र काय बोलले ते तो टिपून ठेवतो. यंत्र पहाटे तीनला बंद पडले, तरी त्याचे शेवटचे शब्द सकाळी वाचता येतात.

वाड्याला परसदार असते, तसे हे जाळ्याचे परसदार. पण ते खरोखर वेगळ्या वाटेवर उघडते का, हे पाहावे लागते. सिमकार्डाचा मनोरा आपली सारी माहिती त्याच प्रकाशतंतूवरून पुढे पाठवत असेल, तर रस्तारुंदीकरणात जेसीबीचा दात एकदा लागला की दोन्ही वाटा एकदम तुटतात. कॅनडातील रॉजर्स या कंपनीला याची जबर किंमत मोजावी लागली. ८ जुलै २०२२ रोजी जाळ्यात बदल करताना एक गाळणी काढली गेली, मुख्य राउटरांवर माहितीचा लोंढा आला आणि ते कोलमडले. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा गेली. दुरुस्तीसाठी राखलेली वाटही त्याच मुख्य जाळ्यावर अवलंबून होती, त्यामुळे अभियंत्यांना यंत्रे दिसेनात. त्यांचे फोनही त्याच कंपनीचे, तेही बंद. नेमके कारण कळायलाच चौदा तासांच्या आसपास लागले. पुढच्या वर्षी ८ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियात ऑप्टसचे जाळे असेच बसले, काही ठिकाणी माणसे पाठवून राउटर पुन्हा चालू करावे लागले. त्या दिवशी दोन हजारांवर लोकांचे आणीबाणीच्या क्रमांकाला केलेले फोन लागले नाहीत.

स्वतंत्र वाट कोणती घ्यायची, हे जागेवर ठरते. जुन्नर तालुक्यात खोडदजवळ असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण घ्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पैकी सोळा तीन भुजांवर शेताशिवारांत पसरलेल्या; सर्वांत दूरच्या दोघींत २५ किलोमीटर अंतर. प्रत्येकीखाली माणूस बसवणे शक्य नाही, म्हणून तबकडीच्या पायथ्याशी संगणक आहे आणि आज्ञा प्रकाशतंतूवरून जातात. आकाशातले क्षीण रेडिओसंकेत ऐकणाऱ्या अशा ठिकाणी मोबाइलच्या लहरी म्हणजे कानाशी वाजणारा ताशा. सिमकार्डाचा सोपा उपाय तेथे चालणार नाही.

आता कुलपाकडे वळू. कन्सोलसमोर बसलेला माणूस मालकच असणार, असे बहुतेक यंत्रे गृहीत धरतात. परवलीचा शब्द विसरला तर वीज बंद-चालू करून, सुरुवातीच्या काही क्षणांत एक विशिष्ट खूण पाठवून, तो शब्द टाळून आत जाण्याची सोय उत्पादकांनीच ठेवलेली असते. कपाटाला कुलूप आणि दाराशी वॉचमन असेपर्यंत हा विश्वास ठीक. पण कन्सोल सर्व्हर बसवला की तीच जागा दुनियेत कोठूनही गाठता येते, आणि तेथून एक नव्हे, अठ्ठेचाळीस यंत्रे एकदम हाती लागू शकतात.

घोडेगावाहून काही किलोमीटरवरच्या शिंगणापुरात घरांना दारे-कुलपे न लावण्याची प्रथा आहे. युको बँकेने जानेवारी २०११ मध्ये तेथे शाखा उघडली, तेव्हा 'बिनकुलपाची बँक' म्हणून तिची चर्चा झाली. त्या वेळच्या वृत्तांनुसार काचेच्या दाराला सहज न दिसणारी, दुरून चालणारी विद्युतचुंबकी कडी होती. गावाच्या श्रद्धेला धक्का न लावता बँकेने आपली जोखीम ओळखली, हे मला शहाणपणाचे वाटते. गावात कोण आले-गेले हे चार डोळ्यांना दिसते. जाळ्यावर येणाऱ्याला चेहरा नसतो. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक परवलीचे शब्द वापरून लाखो कॅमेरे आणि घरगुती राउटर ताब्यात घेतले. मालकांनी ते शब्द कधी बदललेच नव्हते.

म्हणून परसदारावर पुढच्या दारापेक्षा भक्कम कुलूप हवे. टेलनेट या जुन्या पद्धतीत परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. हेलसिंकीच्या एका विद्यापीठात असे शब्द चोरले गेल्यावर १९९५ मध्ये तातू युलोनेन या संशोधकाने सारे संभाषण सांकेतिक करणारी एसएसएच पद्धत रचली. आज तीच वापरतात. प्रत्येक अभियंत्याला स्वतःचे नाव आणि स्वतःची किल्ली हवी, सगळ्यांना मिळून एक नको. नाहीतर कोणी काय केले ते नोंदीवरून कळत नाही. शब्दाखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा, ठरलेल्या पत्त्यांवरूनच प्रवेश, आणि नोकरी सोडलेल्याची किल्ली त्याच दिवशी रद्द. शेवटची गोष्ट सर्वांत सोपी, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित.

परसदाराची आणखी एक खोड असते: रोज न उघडल्याने ते गंजते. भारतात ९० दिवस न वापरलेले सिमकार्ड बंद होऊ शकते, आणि ते बंद झाल्याचे कळते नेमके गरजेच्या रात्री. जाणकार मंडळी त्यासाठी महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, जागेवर माणूस उभा असताना, मुख्य तार मुद्दाम काढतात आणि दुसऱ्या वाटेने आत जाऊन पाहतात.