फायरवॉलच्या ॲडमिन पानावर कोणाला, कुठून प्रवेश द्यावा?

कार्यालयातले अंतर्गत नेटवर्क आणि बाहेरचे इंटरनेट यांच्या मध्ये फायरवॉल बसवलेली असते. आत काय येऊ द्यायचे आणि बाहेर काय जाऊ द्यायचे, हे तिच्यातले नियम ठरवतात. हे नियम लिहिण्यासाठी बहुतेक फायरवॉलमध्ये एक वेबपान असते. ब्राउझरमध्ये फायरवॉलचा आयपी पत्ता टाकला की लॉगिनची चौकट येते. नाव आणि पासवर्ड जुळले की नियम बदलता येतात, नवे वापरकर्ते तयार करता येतात आणि नोंदी पुसताही येतात. साहजिकच फायरवॉल कितीही महागडी असली, तरी तिची सुरक्षितता या एका पानाच्या सुरक्षिततेपेक्षा जास्त नसते.

रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न अंतरामुळे अवघड होतो. पतसंस्था, महाविद्यालय, रुग्णालय अशा ठिकाणच्या फायरवॉलची देखभाल करणारा तंत्रज्ञ बहुधा पनवेल, मुंबई किंवा पुण्यात असतो. कोकण रेल्वेने यायचे तर माणगावला उतरून पुढचा प्रवास रस्त्याने करावा लागतो. एका नियमाच्या दुरुस्तीसाठी एवढा फेरा परवडत नाही. त्यामुळे ॲडमिनचे पान इंटरनेटच्या बाजूनेही उघडे ठेवण्याचा मोह होतो.

असे उघडे पान फार काळ लपून राहत नाही. इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक तपासत जाणारी यंत्रणा अखंड चालू असते. नेहमीचा ४४३ क्रमांकाचा पोर्ट बदलून दुसरा ठेवला, तरी शोध थोडा लांबतो, थांबत नाही. पासवर्ड कठीण असणेही पुरेसे नाही, कारण काही वेळा लॉगिनच्या पानातच दोष निघतो आणि हल्लेखोर पासवर्डशिवाय आत शिरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सई प्रणालीवरच्या राउटर आणि स्विचच्या वेबपानात असाच दोष सापडला. त्यातून बाहेरच्या माणसाला सर्वोच्च अधिकाराचे खाते तयार करता येत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो आल्टोच्या फायरवॉलमध्येही लॉगिन टाळून आत जाण्याची वाट उघडकीला आली. कंपनीने या दोषाची तीव्रता १० पैकी ९.३ धरली, मात्र ॲडमिनचे पान मोजक्या अंतर्गत पत्त्यांपुरतेच खुले असेल, तर हाच आकडा ५.९ दिला. यंत्र तेच आणि दोषही तोच, पण प्रवेशावर बंधन असल्याने धोका कमी झाला. अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने जून २०२३ मध्ये तिथल्या केंद्रीय खात्यांना आदेश दिला होता, की इंटरनेटवरून दिसणारी अशी पाने १४ दिवसांत बंद करावीत किंवा त्यांच्यापुढे कडक तपासणीची व्यवस्था उभारावी.

म्हणून पहिले काम म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या, म्हणजे ‘वॅन’ बाजूच्या पोर्टवर ॲडमिन प्रवेश बंद करणे. लांबच्या तंत्रज्ञाने आधी व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी वाटेने, जोडून घ्यावे आणि मगच ते पान उघडावे. व्हीपीएनलाही पासवर्डसोबत ओटीपी किंवा ऑथेंटिकेटर ॲपची दुसरी पायरी असावी आणि त्याचे अपडेट वेळेवर टाकावेत, कारण दोष तिथेही निघतात.

दुसरे काम आतल्या बाजूचे. कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावरून हे पान दिसण्याचे कारण नाही. ठरावीक एक-दोन आयपी पत्त्यांनाच परवानगी देण्याची सोय फायरवॉलमध्ये असते. व्यवस्थापनासाठी वेगळे व्हीलॅन, म्हणजे बाकीच्यांपासून तोडलेले आभासी नेटवर्क, ठेवणे त्याहून चांगले. आतल्या नेटवर्कवर सरसकट विश्वास टाकल्याचे परिणाम रायगड जिल्ह्याने पाहिले आहेत. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे जगभरातले संगणक बंद पाडले, तेव्हा उरण तालुक्यात न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातले त्याच समूहाचे कंटेनर टर्मिनलही ठप्प झाले. तिथला प्रकार फायरवॉलच्या पानाचा नव्हता. पण एका संगणकात शिरल्यावर तिथून चोरलेले ॲडमिनचे पासवर्ड वापरून पुढच्या संगणकांत पसरणे, ही त्या प्रोग्रामची एक मुख्य रीत होती.

तिसरे काम खात्यांचे. ‘admin’ हे कंपनीने दिलेले एकच खाते सगळ्यांनी मिळून वापरले, तर कोणी काय बदलले ते कळत नाही. प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. ज्याला फक्त अहवाल पाहायचे आहेत, त्याला नियम बदलण्याचा अधिकार देऊ नये. नोकरी सोडलेल्या किंवा कंत्राट संपलेल्या माणसाचे खाते त्याच दिवशी बंद करावे. काही वेळा पासवर्ड चुकला की खाते थोडा वेळ अडवले जावे आणि लॉगिन करून सोडून दिलेले पान आपोआप बंद व्हावे. माहिती उघडी पाठवणारे एचटीटीपी आणि टेलनेट बंद ठेवून एचटीटीपीएस व एसएसएचच वापरावे.

निर्बंध घालताना आपणच बाहेर अडकण्याची भीती असते. परवानगीच्या यादीत आयपी पत्ता चुकीचा लिहिला, तर ॲडमिनलाही पान उघडत नाही. त्यासाठी आधी परवानगी द्यावी, ती दुसऱ्या खिडकीत तपासावी आणि नंतर बाकीचे बंद करावे. शेवटचा उपाय म्हणून यंत्रावर कन्सोल पोर्ट असतो. त्यात केबल जोडली की नेटवर्कशिवाय आत जाता येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन-म्हसळा भागात वीज आणि फोन अनेक दिवस बंद होते. अशा वेळी व्हीपीएन कामाचे नसते. म्हणून कन्सोल केबल, आणीबाणीच्या खात्याचा लखोटाबंद पासवर्ड आणि सेटिंगची कूटबद्ध प्रत जागेवरच, कुलपात असावी. फायरवॉलची खोलीही कुलूपबंद हवी, कारण कन्सोलपर्यंत पोहोचणाऱ्याला बाकीचे अडथळे फारसे उरत नाहीत.

चौथे काम नोंदींचे. कोण, कधी, कुठून आत आला आणि त्याने काय बदलले, याचे लॉग वेगळ्या संगणकावर साठवावेत, म्हणजे फायरवॉल हल्लेखोराच्या ताब्यात गेली तरी पुरावा राहतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि ठरवून दिलेल्या प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात.

आपल्या संस्थेचे पान बाहेर उघडे आहे का, हे पाहणे सोपे आहे. मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून संस्थेचा सार्वजनिक आयपी पत्ता आणि ॲडमिनसाठी ठरवलेला पोर्ट ब्राउझरमध्ये टाकावा. लॉगिनची चौकट दिसली, तर ती त्याच दिवशी बंद करून घ्यावी.